साळूबाईचा सातवा शेक

रहिमानने ते मुद्दाम सांगितलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती. तो बशीत चहा ओतत होता, फुंकर घालत होता आणि बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून बोलत होता. बुधवारची सकाळ, साडेनऊचा सुमार, सांगलीतल्या आमच्या इस्पितळाचं कॅन्टीन. रहिमान चाळिशीचा. पूर्वी तासगावात रेडिओ दुरुस्त करायचा, आता आमच्या इस्पितळाचा संगणक चालवतो. म्हणाला, “सर, त्यो मापाचा हात लय हट्टी हाय बघा. काम रद्द केलं तरी थांबत न्हाई. फेरी पुरी करूनच गप बसतोय.” मी हसलो. हसून झाल्यावर आपण काय ऐकलं ते माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं, कधी रद्द केलं होतंस? मागच्या मंगळवारी, एका म्हाताऱ्याच्या मापाची तार सरकली म्हणून, असं तो म्हणाला, आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काहीतरी सांगू लागला. मी मान हलवत राहिलो. कप मी गुपचूप बाकावर ठेवून दिला.

हे कळायला थोडं यंत्राचं सांगायला हवं. सांगायला मला बरंही वाटतं, कारण यंत्राबद्दल बोलत असेपर्यंत साळूबाई जरा लांब राहते. अठ्ठ्याहत्तर साली सांगलीत संगणक म्हणजे पाव्हण्यांना नेऊन दाखवायची वस्तू. दोन लोखंडी कपाटांएवढा तो संगणक परदेशातल्या कुणा दात्यांनी इस्पितळाला दिला आणि तो चालता करायला फिजिक्स शिकलेल्या मला नेमलं. कॅन्सरच्या माणसाला कोबाल्टच्या यंत्राखाली किती वेळ ठेवायचं, याचा हिशेब तो करायचा. गावाकडची माणसं त्या उपचाराला शेक म्हणतात. तोंडातल्या गाठीला शेक द्यायचा असला की शिशाची मऊ तार गालाजबड्याभोवती वाकवून आकार घ्यायचा, ती तशीच उचलून एका फळीवर ठेवायची, आणि मग यंत्राचा एक हात सुईने तार चाचपत तिच्याभोवती फेरी मारायचा. तीन मिनिटांची फेरी. चाचपताना मिळालेले आकडे तो थेट संगणकाच्या मेमरीत टाकत जायचा, थेट म्हणजे कुणाला न विचारता. बाकीचे प्रोग्राम विचारून लिहायचे, कारण त्यांच्यावर मी मुकादम बसवला होता. मुकादम म्हणजे सगळ्यांच्या तळाशी सतत चालणारा मूळ प्रोग्राम. मेमरी तोकडी, तिची मी आठ पानं पाडली होती, आणि कुठलं पान कुणाला द्यायचं, कधी परत घ्यायचं, हे मुकादम ठरवायचा. तो मी स्वतः लिहिला, दीड वर्ष लिहिला, आणि त्याचं कौतुक इतक्यांना सांगितलं की सिस्टर लोक माझ्या पाठीमागे मलाच मुकादम म्हणू लागल्या. त्या हाताला मात्र मुकादमाचा वचक नव्हता. म्हणून हाताला दिलेल्या पानाला खिळा मारून ठेवावा लागतो: हात ‘झालं’ असं कळवत नाही तोवर हे पान दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. खिळा मी मारला होता. माप नीट पुरं झालं की हात कळवायचा आणि मगच खिळा निघायचा. पण माप मध्येच रद्द केलं तर? तिथं मी लिहून ठेवलं होतं की काम संपलं, पानावरचं नाव पुसा, खिळा काढा, पान पुढच्याला द्या. रद्द म्हटल्यावर हातही थांबत असणार, हे मी धरून चाललो होतो. त्या खोलीत जाऊन एकदा डोळ्यांनी बघावं, एवढं काही मला सुचलं नाही.

कामांची यादी संगणकाच्या खोलीत भिंतीला अडकवलेली असते. मंगळवारचा कागद काढताना दोन-तीन टाचण्या खाली पडल्या, त्या मी उगीच वेचत बसलो. रहिमान रद्द केलेल्या कामापुढे तांबड्या पेन्सिलीने तसं लिहून ठेवतो. त्या तांबड्या शब्दाच्या खाली पुढचं नाव होतं: साळूबाई, वय पन्नास, तालुका जत, डावा गाल. तिचं माप सोमवारीच झालं होतं, मिनिटांचा हिशेब तेवढा राहिला होता. म्हणजे मुकादमाने म्हाताऱ्याचं पान उचलून तिच्या हिशेबाला दिलं, आणि हात पुढची दोन मिनिटं त्याच पानात म्हाताऱ्याच्या जबड्याचे आकडे टाकत राहिला. तिच्या गाठीची खोली जिथं लिहिलेली होती तिथं त्याच्या हनुवटीचं माप पडलं असलं, तरी यंत्राला त्याचं काही वाटणार नव्हतं. सेंटिमीटरच्या जागी सेंटिमीटरच आला होता. तिच्या कागदावर शेवटी छापलं होतं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. बाकी काही नाही. खोली छापणारी ओळ कागद वाचवायला मीच काढून टाकली होती. असे सहा शेक तिला देऊन झाले होते. सातवा आज अकरा वाजता होता.

मी खुर्चीत बसलो आणि उठलो नाही. एक मन म्हणत होतं, अरे, हिशेबाच्या पानात चार हजार जागा, नेमकी तीच एक जागा कशाला सापडेल? दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं, ते फक्त तिचा गाल बघत होतं. काल दुपारी ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मिश्रीने काळे पडलेले दात, डोक्यावरून घट्ट पदर, शेजारी नवरा नाथाजी, मेंढरं भावाच्या हवाली करून महिनाभरासाठी सांगलीत आलेला. जतकडे कानडी मिसळते, त्यामुळे ती मला तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ. मला थांबवून म्हणाली होती की गाल फार भाजतो, मिरची कुटलेला हात लागल्यासारखा, रात्री कूस बदलवत नाही. आणि मी काय सांगितलं? मी म्हटलं, भाजतंय म्हणजे शेक लागू पडतोय. डॉक्टर असल्यासारखं म्हटलं. ती समाधानाने हसली होती आणि हसताना तिचा डावा ओठ नीट वर गेला नव्हता. ते मी बघितलं होतं. बघूनही पुढे गेलो होतो.

पडताळा घ्यायचा म्हणजे हाताने हिशेब करायचा. एके काळी तसा नियमच होता. यंत्राने मिनिटं काढली की मी जाड कोष्टकांच्या पुस्तकातून तीच मिनिटं हाताने काढायची, दोन्ही जुळली तरच कागदावर डॉक्टर शिराळकरांची सही. जूनमध्ये मी स्वतः जाऊन तो नियम बंद करवला. चुकला तर माणूस चुकेल, हे चुकणार नाही, असं मी डॉक्टरांना तोंड वर करून सांगितलं होतं. त्यांनाही कामाचा बोजा होता, ते हो म्हणाले. आता सप्टेंबर. मी पुस्तक उतरवलं तेव्हा त्यावर धुळीचा थर होता. पेन्सिलीला टोक करताना ते दोनदा मोडलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

हरिपुरात माझा बाप कोंडीबा हळदीची पेवं सांभाळायचा. जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खणलेली ती कोठारं, तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं. व्यापारी त्यात हळद भरतात, तोंड दगडमातीने लिंपून टाकतात, आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं तिकडे बघत नाहीत. अशा दोन-अडीच डझन पेवांची बापाकडे एक वही होती. पेवाचा नंबर आणि समोर व्यापाऱ्याचं नाव. माल निघाला की नाव खोडायचं, पुढच्याचं लिहायचं. बापाला लिहिणं जड जायचं म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी ती वही सांभाळत होतो, आणि मला त्याची ऐट होती. अर्जुना नावाचा गडी बापाच्या हाताखाली पेवात उतरायचा. त्यानेच मला कृष्णेत पोहायला शिकवलेलं, माझ्या कमरेला कोरडे भोपळे बांधून. त्या सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी येऊन थांबली होती, बाप कुठंतरी गेला होता, आणि अर्जुनाने मला विचारलं, कुठलं पेव मोकळं आहे? मी वही उघडून म्हणालो, “एकवीस. नाव कवाच खोडलंय.” तो दोर घेऊन गेला. एकवीसचा माल काढून तोंडावर दगड परत सरकवून ठेवला होता, आणि आत हळदीचा जुना वारा साठला होता. पेवात उतरण्याआधी बाप तोंड उघडून अर्धा दिवस तसंच ठेवायचा, मग कंदील सोडायचा, आणि कंदील जळत राहिला तरच माणूस आत घालायचा. पण हे वहीत कुठं होतं? वहीत फक्त नाव होतं. बाकीचं बापाच्या हातात होतं, ते लिहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. अर्जुनाने हाक मारली नाही, ओरडला नाही. दोराला हिसका नाही म्हणून कुणीतरी ओढून बघितलं. वर काढला तेव्हा त्याचं अंग पिवळंधमक झालं होतं आणि पापण्यांवरसुद्धा हळद होती. बाप सगळ्यांना सांगत राहिला की अर्जुनाने घाई केली. मी वही छातीशी धरून उभा होतो. एकवीस मी सांगितलं, हे मी त्या दिवशी बोललो नाही, त्याची बायको धोंडुबाई आमच्या दारात येऊन बसली तेव्हाही नाही, आणि बाप गेला तेव्हा त्याच्या उशाशी एकटाच बसलो होतो, तेव्हाही नाही.

मुकादम लिहायला घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीच वही होती. आठ पानं, आठ नावं. संपलं की खोड, पुढच्याचं लिही. मला ती कल्पना इतकी सुरेख वाटली होती की मी एकदा रहिमानला म्हणालोही होतो, यात आमच्या हरिपूरची अक्कल आहे. नाव खोडलं म्हणजे जागा सुटली असं नसतं, हे ज्याच्यापुढे एक माणूस मरून पडला त्याला कळायला नको? पण वही पाठ झाली होती, बापाचे हात मी कधी पाठ केलेच नव्हते. कोष्टकाच्या रकान्यावरून बोट घसरत होतं. एक बेरीज मी तीनदा केली. खिडकीबाहेर कुणीतरी पाइपने व्हरांडा धूत होतं आणि ते पाणी आपल्या खोलीत येईल अशी काहीतरी भलतीच धास्ती मला वाटत राहिली.

गाठीची खोली होती तीन पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर. शेक हवा होता दोन मिनिटं दहा सेकंद. अकराला दहा कमी होते.

मला खरं तेच सांगायचं तर, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की नवीन कागद छापायचा, दोन दहाचा, आणि जुना फाडून टाकायचा. मिनिटाचं काम. रोज कागद यंत्राशेजारी कोण वाचतो? पुढचे शेक बरोबर जातील. कुणाला कळणार नाही, अगदी रहिमानलाही नाही. ही युक्ती इतक्या सहज सुचली की मला माझीच किळस आली. पण सहा शेकात तिला दहांचा शेक बसून गेला होता. डॉक्टरांना ते ठाऊक नसलं तर ते ठरलेले पंचवीस पुरे करणार, म्हणजे आणखी एकोणीस देणार, आणि तिचा जबडा आतून खंगत जाणार. गप्प बसलो तर मी पुन्हा वही छातीशी धरूनच उभा राहणार होतो. तरीही मी उठेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, व्हरांड्यातली प्रत्येक चप्पल मलाच पकडायला येते आहे असं वाटत होतं. अकराला चार कमी असताना मी उठलो, कारण खालून कोबाल्टच्या खोलीचा जाड दरवाजा सरकल्याचा आवाज आला.

डॉक्टर शिराळकर बाहेरच्या टेबलाशी बसलेले, हात खटक्याजवळ. काचेतून साळूबाई दिसत होती, मान एका बाजूला वळवून, हलायचं नाही म्हणून मुठी आवळून. मी म्हणालो, “आज देऊ नका.” पुढचं बोलताना दम लागला, चार जिने चढून आल्यासारखा. हाताने केलेला हिशेब मी डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी माझा कागद घेतला, खिशातून पेन काढलं आणि ओळीओळीने स्वतः पडताळला. त्यात सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात मी त्यांच्या कानामागचे पांढरे केस मोजत होतो. मग ते म्हणाले, आजपासून पाच दिवस काही नको, मग उरलेले शेक ते नव्याने बसवतील, हाडावर वर्षभर लक्ष ठेवावं लागेल. शांतपणे म्हणाले. तो शांतपणा मला सहन होईना. शेवटी कागदाची घडी घालून त्यांनी तो स्वतःच्या खिशात ठेवला. “बाईला काही बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांचा विश्वास उडाला तर त्या उरलेले शेक सोडून गावी निघून जातील, आणि मग गाठच त्यांना खाईल.” ते खोटं नव्हतं. अशी माणसं मी निघून जाताना बघितली होती. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, आणि म्हणूनच मी त्यांचं ऐकण्याच्या अगदी काठावर होतो.

साळूबाई पदर सावरत बाहेर आली आणि नाथाजीशेजारी बाकावर टेकली. आज शेक का नाही, असं तिने मला नजरेनेच विचारलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, कारण उभं राहून ते बोलता येईना. मी सांगितलं की माझी चूक झाली, यंत्राला मी जे शिकवलं त्यात चूक होती, आणि तिला सहा वेळा शेक जास्त बसला. सहाचे दहा झाले. नाथाजी उठून उभा राहिला. त्याच्या हातातली काठी मला दिसत होती, आणि ती त्याने उचलली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण तो काठीवर भार देऊन म्हणाला, “सायेब, सरळ सांगा. जगंल न्हवं ही?” डॉक्टर म्हणाले होते ते सगळं मी सांगितलं, जखम होईल, हाड जपावं लागेल, पण शेक अर्धवट सोडू नका, तुमच्या पाया पडतो. जगेल असं मला म्हणता आलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. साळूबाईने गालाला बोट लावलं, लगेच काढलं. “म्हंजी काल म्या भाजतंय म्हनलं, ते खरंच हुतं की रं तम्मा.” मी हो म्हणालो. तिला राग येत असावा, पण तो कुठं ठेवावा हे समजत नसावं. नवऱ्याला तिने बाकावर बसायची खूण केली. मग मला विचारलं, “आनि माज्यासारकं आनिक कुनाचं झालंया?”

सकाळपासून मी तिच्या एकटीच्या भीतीत बसलो होतो, आणि आता कळलं की ती भीती अजून स्वस्त होती. शेक सोडून जायचं नाही, एवढं तिच्याकडून वदवून घेतलं आणि वर गेलो. जूनपासूनच्या याद्या कपाटात बांधून ठेवलेल्या होत्या. त्यात साळूबाईच्या वरचा सोडून तांबडा शब्द अकरा वेळा होता. प्रत्येक तांबड्या शब्दाच्या खालचं नाव, अशी अकरा नावं मी एका कागदावर उतरवली आणि पुस्तक पुन्हा उघडलं. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. तिसरं जुळलं, चौथंही. यंत्राच्या हाताने टाकलेले आकडे कुठल्या तरी रिकाम्या जागेत पडून गेले होते. मला वाटू लागलं की साळूबाई एकटीच असेल, आणि असं वाटल्याचा मला आनंद झाला, तिच्या जिवावरचा आनंद. पाचव्याला बेरीज जुळली नाही. पुन्हा केली. चौथ्यांदा केली तरी जुळली नाही. इथं उलटं झालं होतं. अडीच मिनिटं हवी होती तिथं यंत्राने पन्नास सेकंद काढले होते. पन्नास-पन्नास सेकंदांचे पंचवीस शेक, सगळे पुरे झालेले, शेवटी डॉक्टरांची सही, आणि खाली लिहिलेलं: उपचार संपले, जुलैत घरी पाठवले. चंद्राबाई, कोरेगाव. तिला नारळ घेऊन निरोप द्यायला आम्ही सगळे दारापर्यंत गेलो होतो, मीही.

उरलेली सहा नावं आणि पाचवीचा कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. या वेळी ते शांत राहिले नाहीत, आणि मला समोरून निघून जायला सांगितलं. जिना उतरताना रहिमान डबा हलवत वर येत होता. मी त्याला विचारलं, कोरेगावला जायला आत्ता गाडी कुठली मिळेल? त्याने घड्याळ बघितलं. तीनची साताऱ्याची मिळेल, तिथून पुढं बदलायची, असं म्हणाला, आणि सहज विचारलं, “कोन हाय तितं तुमचं?”

“चंद्राबाई म्हणून आहे,” मी म्हणालो. “असली तर.”